पंचवीस अंश

कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय,
सगळे आकडे पंचवीस अंश सेल्सियसला.

मी बाहेर बघते.
पाचपावलीच्या पुलावरचं डांबर चपलेला चिकटतंय,
रसवंतीच्या बर्फाच्या पोत्याला पाठ लावून
कुत्रं झोपलंय,
आणि मे अजून अर्धा शिल्लक.
पंचवीस कुठे असतं, बाप्पा?
इथं पहाटे तीनला, कुलरच्या तोंडाशी, एकतीस.

हेमराज गजभिये ई-रिक्षाचा कंट्रोलर टेबलावर ठेवतो.
"काऊन वो बाई, तिसऱ्यांदा गेला हा.
मोठा पंखा लावून देता का?"

झाकण उघडते. जळका, गोडसर वास.
बारा मॉसफेटपैकी चार
ज्वारीच्या लाह्यांसारखे फुटलेले.

धकातेकाका लग्नाचे अँप्लिफायर बांधायचे.
अभ्रकाचा पापुद्रा, त्यावर पांढरं मलम,
मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्या,
इतक्या हळुवार, जणू नातवाचं टाळू.
म्हणायचे, "बोट ठेव, पाच मोज.
नाही टिकलं तर पंख्याला शिव्या नको देऊ पोरी,
आत कोण तापून राह्यलं ते विचार."

पट्ट्या काय करतात?
आतली उष्णता बाहेरच्या हवेच्या ओटीत घालतात.
आणि हवाच सेहेचाळीसची असली
तर ती कुठवर पदर पसरणार?

म्हणून पाठकोऱ्या बिलावर मांडते :
वीस अँपिअरचा वर्ग चारशे.
चारशे गुणिले सतरा मिलीओम, सात वॅटच्या आसपास.
आठ मिलीओमचा घेतला तर सव्वातीन.
उरलेले पावणेचार वॅट
कुठल्या पंख्यानं उडवले नाहीत.
ते जन्मलेच नाहीत.

हे हेमराजला सांगितलं तर तो म्हणतो,
"मंग सगळ्यात कमीवालाच टाका ना जी."

तिथंच तर गोम आहे.
सगळ्यात कमीवाला पंचावन्न व्होल्टचा,
आणि रात्रभर चार्ज झालेली तुझी बॅटरी
सकाळी सत्तावन्न दाखवते.
शिवाय त्याचं दार मोठं,
उघडायला वेळ, लावायला वेळ.
पूर्ण उघडा असला तर गार, पूर्ण बंद असला तर गार,
तापतो तो अर्धवट असताना.
(हे मी माझ्याबद्दलही सांगू शकले असते,
पण गिऱ्हाईक समोर होतं.)
आणि एकदा तापला की रोध वाढतो,
रोध वाढला की अजून तापतो,
आमच्या घरी जेवणाच्या ताटावर होतं तसं.

शंभर व्होल्टचा निवडला.
बर्डीत तोच नंबर बावीस रुपयांना आणि पंच्याऐंशीलाही.
बावीसवाल्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवला,
अख्खा नंबर कापसावर उतरला.
खाली कुणाचं तरी घासलेलं, जुनं नाव.

पंच्याऐंशीचे बारा.
हेमराजनं अर्धे पैसे दिले,
अर्धे "पुढच्या सोमवारी".
जाताना पाटी वाचली, निखारे इलेक्ट्रॉनिक्स,
आणि हसला. सगळेच हसतात.
लग्नाआधीचं आडनाव बदललं नाही,
आता तर पाटीचे पैसेही फिटलेत.

सोमवार गेला. दुसराही गेला.
मग गोळीबार चौकात, भर दुपारी दोनला, दिसला.
सीट उचललेली,
कंट्रोलरच्या डबीवर पंजा पालथा ठेवलेला,
ओठ हलताहेत.

पापडाचे दोन डबे घेऊन एक बाई मागे बसलेली,
पदरानं वारा घेत ओरडते,
"अरे, इतवारीले चालते का नाही?"

"थांबा जी," तो म्हणतो, मला बघूनही न बघितल्यासारखं करत,
"चौदा झाले. मोजून राह्यलो."